घोलवडचे पाणी : क्षार, जडपणा आणि घरगुती शुद्धीकरण
प्रस्तावना

घोलवडमध्ये नळाला येणाऱ्या पाण्याचा गुण ठरतो तो ते पाणी जमिनीखाली कशातून वाट काढत आले यावर. डहाणू तालुक्याच्या या टोकाला थोड्याशा अंतरात जमीन तीनदा बदलते. समुद्रालगत वाळू आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे थर आहेत. त्यामागे चिकू-नारळाच्या वाड्यांची गाळाची जमीन आहे. कोसबाडच्या टेकडीपासून पुढे तलासरीपर्यंत काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट लागतो. या सगळ्या पट्ट्यावर वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस सर्वांना सारखा, पण जानेवारीत विहिरीतून किंवा बोअरमधून वर येणारे पाणी कुठे गोडे, कुठे जड, तर कुठे मचूळ असते.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते मातीतून झिरपताना मुळे आणि कुजणारा पाला यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि सौम्य आम्ल बनते. चुन्याशी गाठ पडली की हे आम्ल तो विरघळवते आणि पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट उतरते. किनाऱ्यालगत चुन्याला तोटा नाही. शिंपले म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन जो दगड होतो त्याला कोकण किनाऱ्यावर करळ म्हणतात. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या चिकूच्या गोडीचे श्रेय इथल्या कॅल्शियमयुक्त मातीला दिले जाते. त्याच मातीतून झिरपलेले पाणी विहिरीत उतरते तेव्हा कॅल्शियम सोबत घेऊनच उतरते.

तलासरीकडच्या कातळात चुनखडी नसली तरी बेसॉल्टच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात. कातळाच्या भेगांत पाणी जितका काळ मुरून राहते तितके हे धातू त्यात जास्त उतरतात. म्हणून उघड्या विहिरीपेक्षा खोल बोअरचे पाणी बहुधा अधिक जड असते, आणि पावसाळ्यानंतरच्या पाण्यापेक्षा मे महिन्यातले पाणी जड लागते.

किनाऱ्यावर याला तिसरे कारण जोडले जाते, ते समुद्राचे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने वाळूच्या थरात ते दुधावरच्या सायीसारखे वर राहते. गायबेन आणि हर्ट्‌झबर्ग यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेल्या नियमानुसार, समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. याची उलट बाजू किनाऱ्यावरच्या विहीरमालकांना परिचयाची आहे. उपशाने पातळी अर्धा मीटर खाली गेली की खारे पाणी हळूहळू सुमारे २० मीटर वर सरकू शकते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. म्हणजे खारे पाणी केवळ खारट नसते, ते अतिशय जडही असते. विहिरीच्या पाण्यात समुद्राचा अवघा २ टक्के अंश मिसळला, तरी जडपणा लिटरमागे सुमारे १२५ मिलिग्रॅमने, क्लोराइड सुमारे ३८५ मिलिग्रॅमने आणि एकूण विरघळलेले क्षार सुमारे ७०० मिलिग्रॅमने वाढतात. इतके क्लोराइड जिभेला कळते. चिकूच्या झाडाला थोडा खारटपणा सोसतो, त्यामुळे वाडी हिरवी दिसत असतानाही त्याच वाडीतल्या विहिरीचे पाणी पिण्यालायक राहिलेले नसते, असे होऊ शकते.

नळाचे पाणी नेहमी विहिरीचेच असते असे नाही. ग्रामपंचायतीची विहीर किंवा बोअर, तिथून उंच टाकी आणि टाकीतून नळ, ही जुनी व्यवस्था. प्रादेशिक नळयोजनांत धरणाचे किंवा नदीचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून येते. सूर्या नदीवरचे धामणी धरण आणि दापचरीजवळचे कुर्झे धरण ही या भागातली मोठी साठवणीची ठिकाणे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घराला माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात एकाच घराचा स्रोत वर्षभरात बदलतो. पावसाळ्यात योजनेचे पाणी, हिवाळ्यात त्यात बोअरची भर, उन्हाळ्यात टँकर, आणि डोंगरपाड्यांवर नदीच्या कोरड्या पात्रात खणलेले डवरे, अशी स्थिती येते.

धरणाचे पाणी आणि भूजल यांचे दोष एकमेकांच्या उलट असतात. धरणाचे पाणी खडकात मुरलेले नसल्याने बहुधा हलके असते, पण जुलैत ते गढूळ होते आणि त्यात वरून वाहून आलेली घाण मिसळते. विहिरीचे पाणी वाळूतून गाळले गेल्याने काचेसारखे स्वच्छ दिसते, पण जड असते. शिवाय जवळच्या शोषखड्ड्यातून आलेले जंतू किंवा नायट्रेट त्यात असले तरी डोळ्यांना दिसत नाहीत. स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित आणि जड पाणी घातक, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. घरगुती शुद्धीकरणात होणारा बहुतेक अनाठायी खर्च याच दोन समजुतींतून होतो.

जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हटलेले असते. दोन्ही धातू एकाच मापात बसावेत म्हणून जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या समतुल्य मिलिग्रॅममध्ये सांगतात. त्यासाठी कॅल्शियमच्या आकड्याला २.५ ने आणि मॅग्नेशियमच्या आकड्याला ४.१२ ने गुणून बेरीज करतात. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेच्या अहवालात लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लिहिले असेल, तर जडपणा २०० अधिक १६५, म्हणजे सुमारे ३६५ होतो. रूढ वर्गवारीनुसार ६० पर्यंतचे पाणी हलके, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे जड आणि त्यापुढचे अतिजड. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मध्ये स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हेच आकडे ५०० आणि २,००० आहेत, तर क्लोराइडसाठी २५० आणि १,०००. नायट्रेटची मर्यादा ४५ असून तिथे सूट नाही. ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये.

जडपणाचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तात्पुरता असतो. पाणी उकळले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन तळाशी बसतो. क्लोराइड आणि सल्फेट यांच्यामुळे आलेला जडपणा उकळून जात नाही. तो कायमचा जडपणा. कातळातल्या विहिरींत पहिल्याचे प्रमाण जास्त असते, तर समुद्राचा शिरकाव झालेल्या विहिरींत दुसऱ्याचे. पातेल्यात पाणी दहा मिनिटे उकळून निवू दिले आणि कडेला पांढरी पूड दिसली, तर तात्पुरता जडपणा आहे एवढे घरीच कळते.

जड पाण्याचा त्रास आधी न्हाणीघरात आणि मग स्वयंपाकघरात दिसतो. साबणातली मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी राखाडी, चिकट साका तयार होतो. तो बादलीच्या कडेला, फरशीवर आणि कपड्यांच्या धाग्यांत बसतो. कृत्रिम डिटर्जंटवर हा परिणाम कमी होतो, तरी पावडर जास्त लागतेच. तूरडाळ शिजायला वेळ लागतो, कारण डाळीच्या पेशी सांधणारे पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होते. चिमूटभर सोडा टाकण्याची जुनी युक्ती यावरच चालते. गिझरमध्ये तात्पुरता जडपणा तापलेल्या कॉइलवर चुन्याचे कवच चढवतो. पाणी ६० अंशांच्या वर तापवले की हे कवच झपाट्याने वाढते, उष्णता पाण्यात पोहोचत नाही, विजेचे बिल चढते आणि शेवटी कॉइल जळते. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरमध्येही हाच थर बसे. पाणी हलके करण्याचे शास्त्र वाढले ते मुख्यतः बॉयलर आणि कापडाच्या गिरण्यांच्या गरजेतून.

आरोग्याच्या बाजूने जड पाण्यावर मोठा ठपका ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या निकषावर मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच, आणि ज्यांचा आहार अपुरा आहे त्यांना पाण्यातून थोडी भर मिळते. जड पाण्याने मूतखडा होतो ही समजूत खोलवर रुजलेली आहे, पण तसा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. खड्यासाठी पाणी कमी पिणे हे अधिक मोठे कारण आहे. मॅग्नेशियम आणि सल्फेट दोन्ही भरपूर असतील तर मात्र बाहेरून आलेल्या माणसाचे पोट बिघडते आणि त्याला पाणी लागल्यासारखे होते. खाऱ्या पाण्यातले सोडियम हा वेगळा विषय आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्याकडे लक्ष द्यावे.

खरा धोका जंतूंचा. कावीळ, विषमज्वर, अतिसार, गॅस्ट्रो हे आजार पाण्यातल्या विष्ठेच्या अंशाने पसरतात. किनाऱ्याच्या वाळूतून शोषखड्ड्याचे पाणी लवकर झिरपते, म्हणून विहीर आणि शौचालय यांत किमान १५ मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत किंवा विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहतो. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे. घरच्या नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. स्रोताची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे जोखीम तीव्र. पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रार होते, पण पाड्यापर्यंत जाणाऱ्या लांब, गळक्या नळात पाण्याची राखण करणारे दुसरे काही नसते.

टीसीएलचा हिशेब अवघड नाही. गोल विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली २ मीटर असेल तर तिच्यात सुमारे १४,००० लिटर पाणी असते. स्वच्छ पाण्यासाठी १,००० लिटरमागे सुमारे २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे या विहिरीला ३५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडतात आणि अर्धा तास पाणी उपसत नाहीत. गढूळ पाण्याला मात्रा वाढवावी लागते. पिशवी उघडी राहिली की पावडरीतले क्लोरीन उडून जाते आणि उरतो तो चुना. मग तीच मात्रा टाकूनही जंतू मरत नाहीत.

कोणता दोष किती आहे हे तपासणीशिवाय कळत नाही. जडपणा मोजण्याची प्रयोगशाळेतली रीत पाहण्याजोगी आहे. पाण्याच्या नमुन्यात दर्शक टाकला की कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे पाणी द्राक्षरसासारखे लालसर होते. मग त्यात ईडीटीए हे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. ईडीटीए एकेका धातूला पकडत जाते, आणि शेवटचा अंश पकडला गेला की एका थेंबात रंग निळा होतो. किती द्रावण लागले त्यावरून जडपणा काढतात. गावपातळीवर जल जीवन मिशनच्या तपासणी संचात हीच चाचणी थेंब मोजून होते, आणि ती करण्यासाठी प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. सविस्तर रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते. सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा होणे अपेक्षित आहे. घरच्या विहिरीसाठी मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने योग्य. मे महिन्यात क्षार सर्वांत जास्त असतात, आणि ऑक्टोबरमध्ये पावसाने आत आणलेली घाण कळते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा डबा त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरला तरी चालतो. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. तोटी स्वच्छ करून, पाणी थोडे वाहू देऊन ती भरायची, बर्फात ठेवायची आणि २४ तासांच्या आत पोहोचवायची.

हाताएवढा टीडीएस मीटर आता घरोघरी दिसतो. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. त्यावरून जडपणा वेगळा कळत नाही, नायट्रेट वेगळे कळत नाही आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. मीटरवर १५० दाखवणारे नदीचे पाणी काविळीचे असू शकते, आणि ७०० दाखवणारे बोअरचे पाणी निर्जंतुक असू शकते. विक्रेते कधी दारात आणखी एक प्रयोग करून दाखवतात. दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवतात. नळाचे पाणी मिनिटभरात तपकिरी आणि गढूळ होते, यंत्राचे पाणी स्वच्छ राहते. ती घाण पाण्यातली नसते. क्षारांमुळे वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहतच नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. उत्तम प्रतीच्या विहिरीच्या पाण्यावरही हा प्रयोग असाच दिसेल.

घरगुती उपायांत सर्वांत जुना उपाय फडक्याचा. हंड्याच्या तोंडाला चौपदरी फडके बांधून पाणी गाळण्याची रीत नारूविरुद्धच्या मोहिमेत मोठी कामी आली. नारूचे जंत पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांत असत आणि त्या कापडावर अडकत. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला. जंतू मात्र कापडातून सहज जातात. गढूळपणासाठी तुरटी आहे. तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवला की मातीचे बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात. उकळणे हा जंतूंवरचा खात्रीचा उपाय आहे. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरते, आणि तात्पुरता जडपणाही त्यात कमी होतो. अडचण इंधनाची आणि उकळलेल्या पाण्यात पुन्हा हात बुडण्याची.

दोन भांड्यांचा स्टीलचा फिल्टर आणि त्यातली चिनीमातीची कँडल हा स्वस्त आणि टिकाऊ पर्याय आहे. चांगली कँडल गाळ आणि बहुतेक जिवाणू अडवते, विषाणूंची खात्री देत नाही आणि क्षारांना हातही लावत नाही. तिला तडा गेला की ती निरुपयोगी होते. अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे यूएफ, ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी. पोकळ धाग्यांच्या भिंतीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी जाते आणि जिवाणू मागे राहतात. टाकी उंचावर असेल तर वीजही लागत नाही, त्यामुळे भारनियमनाच्या पाड्यांना हा पर्याय सोयीचा आहे. नारळाच्या करवंटीपासूनही बनणारा सक्रिय कार्बन क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय रसायने शोषून घेतो. मात्र क्लोरीन गेल्यावर त्या पाण्याला राखणदार उरत नाही, म्हणून ते साठवून न ठेवता लवकर वापरावे. अतिनील किरणांचा दिवा, म्हणजे यूव्ही, जिवाणू आणि विषाणू दोन्ही निकामी करतो. पण पाणी आधी गाळलेले हवे, वीज हवी, आणि पाणी जड असेल तर दिव्याभोवतीच्या काचेवर चुन्याचा पापुद्रा बसून किरण अडतात.

जडपणावरचे पहिले शास्त्रीय उत्तर ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये दिले. पाण्यात चुन्याची निवळी मिसळून त्यातलाच चुना खाली बसवण्याची ती रीत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झिओलाइट आले. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजांचे हे कुटुंब कॅल्शियम पकडून सोडियम सोडते. आज त्याची जागा कृत्रिम रेझिनच्या मण्यांनी घेतली आहे. घरावरच्या टाकीला जोडायचा सॉफ्टनर याच तत्त्वावर चालतो. रेझिन भरून गेले की मिठाच्या दाट पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करतात. सॉफ्टनर गिझर, वॉशिंग मशीन आणि नळ यांच्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही. १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना तो पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम घालतो, टीडीएस कमी करत नाही आणि जंतू मारत नाही. रेझिन धुतलेले मिठाचे पाणी वाडीत सोडले तर जमीन बिघडते. चुंबकाच्या पट्ट्या आणि विजेच्या लहरींनी क्षार सुटतात असा दावा करणाऱ्या उपकरणांच्या उपयोगाचा खात्रीशीर पुरावा नाही. त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

विरघळलेले क्षारच काढायचे असतील तर घरात रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आरओ, हा मुख्य मार्ग. पाण्याला दाब देऊन ते अशा पडद्यातून ढकलतात, ज्यातून पाण्याचे रेणू जातात आणि बहुतेक क्षार मागे राहतात. हा पडदा व्यवहारात आणण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास केले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावाला मचूळ पाणी गोडे करून देणारे आरओ केंद्र सुरू झाले.

आरओची किंमत पाण्यातही मोजावी लागते. साधे घरगुती यंत्र १ लिटर पिण्याच्या पाण्यामागे सुमारे ३ लिटर बाहेर टाकते. नळाचा टीडीएस ८०० असेल आणि पडदा ९० टक्के क्षार काढत असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस सुमारे १,०४० असतो. ते फरशी आणि भांड्यांसाठी चालते. पाण्याचा ६० टक्के भाग वापरात आणणारे यंत्र लावले तर वाया जाणारे पाणी कमी होते, पण त्याचा टीडीएस सुमारे १,९०० वर जातो आणि ते झाडांना घालणे योग्य नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले, ते याच नासाडीमुळे. धरणाचे हलके पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवणे म्हणजे शरीराला लागणारे थोडे क्षार काढून टाकणे आणि तिप्पट पाणी सोडून देणे.

घोलवडला आणखी एक पर्याय निसर्गाने दिला आहे, तो पावसाचा. १०० चौरस मीटर छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होते. उडालेले आणि सोडून दिलेले वगळून दीड लाख लिटरच्या वर हाती लागते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी दिवसाला २५ लिटर धरले तर पावसाळ्याबाहेरच्या २४० दिवसांना ६,००० लिटर पुरतात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून, गाळून, झाकलेल्या टाकीत साठवलेले हे पाणी जडपणापासून मुक्त असते. क्लोरीन घालून किंवा उकळून ते प्यावे. ६०० जडपणाच्या पाण्यात ते निम्मे मिसळले तर जडपणा ३०० वर येतो. उरलेले पावसाचे पाणी विहिरीत मुरवले तर गोड्या पाण्याची पातळी वर राहते आणि समुद्र मागे ढकलला जातो.

या सगळ्याचा मेळ स्थळानुसार घालावा लागतो. प्रादेशिक योजनेचे, क्लोरीन घातलेले पाणी येत असेल तर साधा गाळणीचा फिल्टर आणि यूएफ किंवा यूव्ही पुरेसे आहे. पावसाळ्यात तुरटीची जोड द्यावी. कातळातल्या विहिरीचे पाणी जड पण ६०० च्या आत असेल, जंतू नसतील आणि चव पटत असेल, तर पिण्यासाठी त्यात काही करावे लागत नाही. गिझर वाचवायचा असेल तर सॉफ्टनर लावावा आणि स्वयंपाकघराची तोटी त्याआधी काढून घ्यावी. किनाऱ्यावरच्या मचूळ बोअरला दुसरा स्रोत शोधणे किंवा पावसाचे पाणी साठवणे हा पहिला उपाय, आणि ते शक्य नसेल तर फक्त पिण्या-शिजवण्यापुरता आरओ. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर उकळू नये, उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट अधिकच दाट होते. तिथे लहान बाळांसाठी वेगळे पाणी आणावे आणि विहिरीजवळचा शोषखड्डा हलवावा. कुठलेही यंत्र घेतले तरी कँडल घासणे, कार्बन आणि पडदा वेळेवर बदलणे, यूव्हीचा दिवा तपासणे हे चुकत नाही. देखभाल न झालेला फिल्टर जंतूंचे घर होतो. आणि गाळलेले पाणी बोटे बुडवून पेल्याने काढले तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. तोटी असलेले पिंप किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरणे हाही शुद्धीकरणाचाच भाग आहे.

घोलवडपासून तलासरीपर्यंत प्रत्येक घराला चालेल असे एक यंत्र नाही, कारण तिथे एक पाणी नाही. म्हणून यंत्राच्या दुकानात जाण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, अहवालातले जडपणा, टीडीएस, क्लोराइड, नायट्रेट आणि ई-कोलाय हे पाच आकडे वाचावेत, आणि जो दोष आहे तेवढ्याचाच उपाय विकत घ्यावा.